धुरपताबाईचा ओला पदर

धुरपताबाई गेली असं तिच्या धाकट्या सुनेनं, पूनमनं, फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून "बरं" एवढंच निघालं. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलायची रीत आहे आणि मी ती इतर सगळ्यांच्या बाबतीत पाळते. धुरपताबाईच्या बाबतीत ते जमणार नाही. या बाईचा मी जितका राग केला तितका सख्ख्या जावेचाही केला नाही, आणि माझी जाऊ काही साधी बाई नाही.

औंढ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं गाव, आणि हळदीच्या रानातून पायवाटेनं गेलं की धुरपताबाईचा तांडा. माझा शिवणक्लास गावाच्या त्याच टोकाला, म्हणून तांड्यावरच्या पोरी माझ्याकडे जास्त. दिवाळीच्या सुमाराला तांड्यातली जोडपी ऊस तोडायला कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्यातच परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई बसली की कोयता बसला आणि मुकादमाच्या शिव्या दोघांनाही. मग बाईनं महिन्याचे चार दिवस उसाच्या फडात काढायचे कसे, याचं उत्तर तांड्यानं शोधून ठेवलं होतं. पोटातली पिशवीच काढून टाकायची. दोन लेकरं झाली की काम संपलं, कटकट गेली. हे उत्तर घरोघरी पोचवणारी बाई म्हणजे धुरपताबाई.

ती पन्नाशीची असेल-नसेल, पण सत्तरीची दिसायची. कमरेत वाकलेली, चालताना एक हात गुडघ्यावर. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि गालात तंबाखू. क्लासमध्ये खुर्ची दिली तरी खुर्चीवर बसायची नाही, उंबऱ्यावर बसायची. आत येणारीला आणि बाहेर जाणारीला तिची परवानगी घेतल्यासारखंच जावं लागे. बोलताना ती समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत नसे, पोटाकडे बघे. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं माझं नावसुद्धा विचारलं नाही.

"लेकरं किती?"

"दोन," मी म्हटलं.

"मग अजून काहून ठेवली?"

ही माझ्या गर्भाशयाची चौकशी करते आहे हे कळायला मला वेळ लागला. कळलं तेव्हा ती तिचा ब्लाऊज सैल करायला टाकून निघूनही गेली होती.

तिला आणखी एक सवय होती. पदराचं टोक पाण्यात बुडवायची, पिळायची आणि मानेवर ठेवायची. उन्हाळ्यात ठीक आहे, पण ती पौषातही ठेवायची. पोरी स्वेटर घालून मशीनवर बसलेल्या आणि ही उंबऱ्यावर मानेशी ओला पदर घेऊन. विचारलं तर म्हणे, "मला उन्हाची तकलीफ हाय." त्या दिवशी ऊन अजून अंगणातही उतरलेलं नव्हतं.

तिची स्वतःची पिशवी तिच्या बाविसाव्या वर्षी काढली होती. पोटावरची ती शिवण ती तांड्यातल्या नव्या सुनांना दाखवायची, एखादीनं माहेरचा दागिना दाखवावा तशी. "बघ, कशी बारीक हाय. तुमच्या मॅडमला बी अशी शिलाई येत न्हाई." पोरी हसायच्या. ऑपरेशन झालेल्या बाईला तिच्या भाषेत 'हलकी' म्हणत. शेवंता हलकी झाली, मंदा हलकी झाली. शेवंता म्हणजे तिची थोरली सून, मंदा तिच्या शेजारची. दोघी जेमतेम पंचविशीच्या असतील तेव्हा.

तिचं म्हणणं काय होतं, तेही सांगते. एकदा मीच चिडून विचारलं होतं की बाई, तुला हे खूळ कुठून लागलं. तिनं तंबाखू थुंकली, तोंड पुसलं आणि सांगितलं.

"फडात आडोसा न्हाई, पाणी न्हाई. कपडा धुवावा कुठं, वाळू घालावा कुठं? ओलाच पुन्हा बांधायचा. मांड्या सोलून निघायच्या. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढले की खाली रगत टपकायचं, अन् खाली उभे राहिलेले बाप्ये हसायचे. मी बावीस वरसाची होते. हलकी झाले, अन् त्या दिवसापासून कोणाच्या बापाला हसू दिलं न्हाई."

तिनं जे सोसलं ते खरंच होतं. पण माझा राग काही त्यानं गेला नाही, उलट वाढला. हसणारे बाप्ये जिथल्या तिथं राहिले. फडाच्या कडेला चार पत्रे उभे करून आडोसा करावा, हे कारखान्याला सुचलं नाही की मुकादमाला. कापायचं ठरलं ते बाईलाच, आणि त्या कामाला जीप ठरवून द्यायला पुढं झाली तीही एक बाईच.

पोळा झाला की तिची धावपळ सुरू व्हायची. दिवाळीपर्यंत टाके भरून यायला हवेत, म्हणून सगळं पोळा ते दसऱ्याच्या आत. कोणाच्या अंगावरून पांढरं जातं, कोणाची कंबर दुखते, याची तिला आपोआप खबर लागे. रिकामी पिशवी आत सडते असं तिचं पक्कं मत होतं. मोठ्या रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यातला डॉक्टर "ठेवली तर कॅन्सर होईल" म्हणायचा, आणि ती ते वाक्य परत येताना जीपमधून तांड्यावर घेऊन यायची. घरोघर वाटायची.

तिला दवाखान्याकडून काही मिळत असेल असं गावात बोलत. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं, राग करायला सोपं गेलं असतं. पण तिला तिथं कोणी चहासुद्धा विचारत नसे. उलट बाईला आत नेलं की ही बाहेर फरशीवर बसून राही. बाई शुद्धीवर येताना हिचाच हात धरून असे. घरी आणल्यावर ही स्वतः ज्वारीची पेज करून पाजायची, डोक्याला तेल लावायची, नवरा जवळ आला तर काठी घेऊन हाकलायची. तांड्यातल्या बायकांचा जीव तिच्यावर होता तो असा. इतक्या मायेनं इतकं वाईट काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तरी तिचं वय झालेलं, शिक्षण नाही, असं म्हणून मी स्वतःला समजावलं असतं. माझं डोकं फिरायचं ते पोरींमुळे. तिची नात काजल माझ्याकडे यायची, लेकीची लेक. आईबाप फडावर, म्हणून आजीकडेच वाढलेली. सतराव्या वर्षी असा सफाईदार हात होता की मी तिला कटोरी ब्लाऊज बेतायला देत असे. एका दुपारी काज-बटणं करता करता म्हणाली, "मॅडम, मी तर दोन लेकरं झाली की लगेच हलकी होणार. कोण सांभाळत बसंल ती झंझट?"

केस कापायचे म्हणावं इतक्या सहज म्हणाली. बाकीच्या पोरींनी माना डोलावल्या. एक म्हणाली तिशीपर्यंत थांबावं. दुसरी म्हणाली, थांबलं तर सासू बोलती. मग त्यांची चर्चा कोणत्या डॉक्टरचे टाके लवकर सुकतात यावर गेली. काढावी की नाही, हा प्रश्न त्या खोलीत कोणालाच पडला नव्हता. मी हातातली कात्री टेबलावर ठेवली आणि त्यांना सांगितलं की पिशवीबरोबर पुष्कळदा अंडाशयंही काढतात, हाडं ठिसूळ होतात, तिशीत म्हातारपण येतं. माझा आवाज चढला होता.

काजलनं सुईतून दोरा ओढला आणि शांतपणे म्हणाली, "तुमाला फडात जायचं न्हाई, मॅडम. तुमच्या घरात मोरी हाय."

आजीचा स्वभाव जसाच्या तसा उतरला होता पोरीत.

पोरांची तऱ्हा वेगळी नव्हती. धुरपताबाईचा धाकटा अविनाश त्याच्या बायकोला, पूनमला, न्यायला मोटारसायकलवर यायचा. पूनमला अंगावरून पांढरं जात होतं आणि सासूनं पोळ्यानंतरची जीप ठरवली होती. मी अविनाशला दारातच अडवलं. म्हटलं, तेवीस वर्षांची पोरगी आहे रे ती. तो गाडीवरून उतरलासुद्धा नाही. "सगळ्याच काढतात, मॅडम. माझ्या आईनं काढली, ती काय मेली का?" एवढं बोलून मोबाइलमध्ये बघत बसला. त्याच्या तोंडावर वाईटपणा नव्हता हे मला जास्त लागलं.

पूनम कुरुंद्याकडच्या तांड्यावरून आलेली, बारावी झालेली. क्लासमध्ये तिचा आवाज आम्ही क्वचितच ऐकत असू. जीपच्या दिवशी सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच ती पायरीवर बसलेली. आत आली, शेवटच्या मशीनवर बसली आणि चालवायला लागली. मशीनला दोरा लावलेला नव्हता. हळूहळू बाकीच्या पोरी आल्या, काजलही आली, आणि मग उंबऱ्यावर धुरपताबाई येऊन उभी राहिली. त्या दिवशी बसली नाही.

"ऊठ. जीप उभी हाय."

"मी येत न्हाई, आत्या."

"काहून?"

"पांढरं जायचं थांबलं. सरकारी दवाखान्यातल्या बाईनं गोळ्या दिल्या, त्यानंच थांबलं."

"गोळ्यानं वरवरचं थांबतं. आत सडतच राहतं. ऊठ मुकाट्यानं."

पूनम उठली. मला वाटलं, चालली. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिनं सासूच्या मानेवरच्या पदराखाली हात घातला.

"हे ओलं काहून असतं, आत्या?"

"उन्हाची तकलीफ हाय."

"फडात पहाटं थंडीनं आमचे हात आकडतात," पूनम म्हणाली. "आमी शेकोटीपाशी बसतो अन् शेवंताजाऊ अंगाची आग होती म्हणून बाटलीतलं पाणी मानेवर ओतून घेते. मंदा बी तेच करते. गेल्या वरसापासून शेजारच्या कोप्यांत राहणाऱ्या अजून दोघी करून राहिल्या. त्यांना कोणालाच आधी उन्हाची तकलीफ नव्हती. ज्यांना तुमी जीपमधी नेलं, त्यांच्याच माना ओल्या हायेत. माझी हात लावून बघा. कोरडी हाय."

सगळ्या मशीन थांबल्या. धुरपताबाईनं सुनेच्या मानेला हात लावला नाही, तिच्या तोंडात मारली. त्या भरल्या हातांच्या बांगड्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पूनम हलली नाही. मी उठून दोघींच्या मध्ये गेले आणि माझ्या आयुष्यात कोणाला बोलले नसेन असं त्या बाईला बोलले. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती बराच वेळ पूनमच्या गळ्याकडे बघत होती.

"हिला तुमी शिकवलं, मॅडम," शेवटी ती म्हणाली.

"मी नाही. तिनं स्वतः बघितलं."

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. धुरपताबाई गुडघ्यावर हात ठेवून वळली आणि रानातल्या वाटेनं तांड्याकडे गेली. जीप रिकामी गेली. काजल मान खाली घालून शिवत होती. "आजीला असं चारचौघांत बोलायला नको होतं," ती म्हणाली आणि नंतर दिवसभर पूनमशी बोलली नाही.

पुढचे दोन महिने पूनमच्या घरात काय चाललं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत होतं. नवरा बोलत नव्हता, सासू तिच्या हातचं खात नव्हती. मग दिवाळी झाली आणि रस्त्यावर ट्रॅक्टर लागले. ट्रॉल्यांमध्ये गोधड्या, भांडी, कोंबड्या, लेकरं चढवणं चालू होतं. माझ्या दाराशी धुरपताबाई आली. उंबऱ्याजवळसुद्धा आली नाही, बाहेरूनच एक गाठोडं आत फेकलं. त्यात तिची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली दोन सुती लुगडी होती.

"पूनमसाठी चार दिवसांच्या घड्या शिवून द्या. जाड शिवा. फडात दुकान न्हाई." मग वळता वळता, "तुमी अन् ती मिळून मला सुखानं जगू देणार न्हाई."

मी तेव्हाच्या तेव्हा बसून शिवल्या. तिनं त्या उन्हात धरून टाके तपासले, दोन ठिकाणी पुन्हा घालायला लावले आणि घेऊन गेली. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. तिला पश्चात्ताप झाला असेल असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही म्हणणार नाही, कारण तसं ती कधी बोलली नाही. पुढच्या पोळ्याला तिनं जीप ठरवली नाही, एवढं मात्र खरं. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणे. तांड्यातल्या बायका थांबल्या नाहीत. त्यांना दवाखान्याची वाट पाठ झाली होती, आता त्या आपापल्या जात.

काजलचं लग्न झालं. ती नवऱ्याबरोबर फडावर जायला लागली, लागोपाठ दोन लेकरं झाली. मधूनमधून ब्लाऊज टाकायला यायची, तेव्हा मी विषय काढला की हसून दुसरं काही बोलायची.

धुरपताबाईला मी शेवटचं पाहिलं ते औंढ्याच्या बसस्टँडवर. सोमवार होता, नागनाथाला आलेल्या लोकांची गर्दी होती. मी अस्तराचं कापड घेऊन परत निघाले होते. फलाटाच्या टोकाला कोणाचं तरी भांडण चाललंय म्हणून बघितलं तर काजल उभी आणि तिच्या पुढ्यात, प्रवासाच्या बॅगेवर, धुरपताबाई बसलेली. काजलचा नवरा बसमध्ये चढून रुमाल टाकून जागा धरून बसला होता आणि खिडकीतून हाका मारत होता.

"ऊठ आजी. बस निघून राहिली."

"न्हाई उठत."

"शेवंतामामीला तूच नेलं. मंदामावशीला तूच नेलं. मलाच काहून अडवती?"

धुरपताबाई बॅगेच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसली होती. मला बघितल्यावर म्हणाली, "मॅडम, तुमी सांगा हिला. तुमाला बोलता येतं." इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट. मी सांगितलं, जे क्लासमध्ये सांगत असे तेच, यावेळी आवाज न चढवता. काजलनं अर्ध्यात हात वर केला.

"तुमचं लई ऐकलं, मॅडम. पण मला लहानपणापासून आजीनंच सांगितलं. हलकी झालेली बाई कोणाच्या बापाला हसू देत न्हाई. फडात माझ्यावर बी हसतात, आजी. तवा तू नसती तिथं."

धुरपताबाईनं मग तिचा हात ओढला आणि स्वतःच्या मानेवर ठेवला, पदराखाली. धरून ठेवला. काजलनं हात सोडवून घेतला आणि साडीला पुसला.

"म्हातारपण हाय ते, आजी."

"म्हातारी कुठं हाय मी," धुरपताबाई म्हणाली.

कंडक्टरनं घंटी दिली. काजल बॅग न घेताच पळाली आणि बसमध्ये चढली. बस धुरळा उडवत बाहेर पडली. धुरपताबाई बॅगेवर तशीच बसून राहिली. ज्या बाईचा मी इतकी वर्षं राग केला, तिचंच बोलणं तिच्या नातीच्या तोंडून तिला परत मिळालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि त्याबद्दलही मला तिचाच राग आला.

"चला," मी म्हटलं. "गावापर्यंत सोबत जाऊ."

"घरी कशी येऊ?" ती गुडघ्यावर हात रोवून उठली. "बदलायचे कपडे ह्याच्यात हायेत तिचे. अन् शुद्धीवर आल्यावर लेकरू कोणाला हाक मारंल?"

"तुम्ही तिकडं जाताय? त्याच दवाखान्यात?"

"मग कुठं जाऊ," ती म्हणाली.

त्या बाजूची पुढची बस लागली तेव्हा मी बॅग वर चढवून दिली. ती खिडकीशी बसली. कोणाकडून तरी बाटली मागून घेतली, पदराच्या टोकावर पाणी ओतलं, खिडकीबाहेर पिळलं आणि मानेवर ठेवलं. मग तिनं खाली माझ्याकडे बघितलं, पोटाकडे नाही, तोंडाकडे. बस हलेपर्यंत ती तशीच बघत होती. मी दुसरीकडे पाहिलं.